'रक्त पातळ करणारी औषधं' : दोन गटांना एकच शब्द कसा पुरणार?

ओलीमाती
रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. विषय आहे रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत, गुठळी झालेल्यांसाठी औषधाची निवड. मूळ मजकुरात औषधांचे दोन गट आहेत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल एकात. हेपारिन, वॉरफरिन, अपिक्साबॅन दुसऱ्यात. बोलताना आपण दोन्हींना 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो, म्हणून मीही तेच लिहीत गेले आणि एक वाक्य असं उतरलं : 'रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त पातळ करणारं औषध घेऊ नये.' वाचणाऱ्यानं काय समजायचं? संपादकांनी 'प्रतिपट्टिका' आणि 'प्रतिगोठण' सुचवलंय, पण ते औषधाच्या दुकानात तरी कुणाला कळेल का? दोन सोपे, वेगळे शब्द हवेत.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे. आधी एक सांगतो, या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. ते तेवढंच दाट राहतं, फक्त गुठळी धरायला वेळ लावतं. झालेली गुठळीही त्या विरघळवत नाहीत. त्यासाठी स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज अशी वेगळी इंजेक्शनं असतात.

दोन गट का, तर गुठळ्या दोन तऱ्हेच्या असतात. रोहिणीत रक्त जोरात धावतं. आतल्या भिंतीवरचा चरबीचा थर फुटला की त्या जागी प्लेटलेट येऊन चिकटतात, एकमेकींना धरतात. ही गुठळी पांढुरकी असते. नीलेत, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीत, ते संथ असतं, तिथे फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी लाल होते. अ‍ॅस्पिरिनचा गट प्लेटलेटना रोखतो, वॉरफरिनचा गट ते जाळं विणू देत नाही. अ‍ॅस्पिरिन पोटात गेलं की तेव्हा रक्तात असलेल्या प्लेटलेट उरलेलं आयुष्यभर निकामी होतात. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. म्हणून तर शस्त्रक्रियेआधी 'अ‍ॅस्पिरिन कधी घेतली होती' हे आम्ही खोदून विचारतो.

पिंपळपान२
'पातळ' या शब्दानं काय होतं ते माझ्या आईकडे पाहिलंय. स्टेंट बसवल्यावर दोन गोळ्या दिल्या होत्या. तिचं हिमोग्लोबिन आधीच कमी. 'अंगात रक्त नाही, त्यात आणखी पातळ कशाला करायचं?' म्हणून तिनं एक गोळी परस्पर बंद केली. डबीत गोळ्या उरायला लागल्या तेव्हा आम्हाला कळलं. तिच्या लेखी पातळ म्हणजे कमजोर. हा शब्द सोपा आहे म्हणून चालवून घेऊ नका, तो चुकीचं सांगतो.

नाडीपरीक्षा
अगदी बरोबर. नव्या स्टेंटवर गुठळी धरण्याचा धोका पहिल्या महिन्यांत सर्वांत जास्त, आणि तेव्हाच लोक अशी गोळी सोडतात.

शब्दसखा
मराठीत यासाठी अस्सल क्रियापद आहे : साकळणे. मार लागल्यावर 'रक्त साकळलंय' म्हणतातच की. 'साकळरोधक' करा. गोठतं ते पाणी, किंवा भीतीनं रक्त.

माजघर
आमच्याकडे 'साखळणे' म्हणतात, ख नेच. आणि मला ते साखळीवरून आलेलं वाटतं. प्लेटलेट एकमेकींना धरतात असं डॉक्टर वर म्हणालेच आहेत, ती साखळीच झाली ना?

शब्दसखा
शब्द रूढ झाला तेव्हा प्लेटलेट कुणाला दिसल्या होत्या, ताई? तळाशी साका बसतो त्या 'साका'शी याचं नातं असावं असं माझं मत आहे.

माजघर
मत म्हणून ठीक. ख सोडायला मी तयार नाही.

ओलीमाती
'साकळरोधक' दुसऱ्या गटाला चालेल. पण पहिल्याचं काय?

पिंपळपान२
'प्लेटलेट रोखणारं औषध' लिहा. रक्तपट्टिका पुस्तकातच राहिल्या. डेंग्यूनं 'प्लेटलेट' घराघरांत पोचवलाय.

शब्दसखा
आणि उद्या रक्ताला 'ब्लड' लिहा. पाठ्यपुस्तकातून मुलं 'रक्तपट्टिका' शिकतात, मोठ्यांच्या पत्रकात तो शब्द मिळाला नाही तर तो जगणार कसा?

पिंपळपान२
पत्रक शब्द जगवायला नसतं हो, माणूस जगवायला असतं.

नाडीपरीक्षा
शब्द कुठलाही घ्या, पण 'रोहिणीतली गुठळी म्हणजे पहिला गट' असं सरसकट लिहू नका. हृदयाचे ठोके अनियमित असले की त्याच्या डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, कोपऱ्यात रक्त साचतं, तिथे गुठळी होते आणि वाहत जाऊन मेंदूच्या किंवा पायाच्या रोहिणीत अडकते. ती सापडते रोहिणीत, पण जन्मते संथ रक्तात. तिथे पुढच्या बचावाला अ‍ॅस्पिरिन तोकडी पडते, दुसरा गट लागतो. हृदयात धातूची कृत्रिम झडप असेल तर त्या गटातलंही वॉरफरिनसारखंच औषध, अपिक्साबॅन वगैरे नवी नाहीत. उलट पायाच्या रोहिण्या चरबीनं अरुंद झाल्या असतील तर काही जणांना अ‍ॅस्पिरिनबरोबर रिव्हारोक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, म्हणजे दोन्ही गट एकत्र. मात्र रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा माणूस पाहूनच.

ओलीमाती
म्हणजे मला 'जागची गुठळी' आणि 'वाहत आलेली गुठळी' असाही भेद दाखवायला हवा. बरं झालं सांगितलंत. वॉरफरिनच्या परिच्छेदात मी 'क जीवनसत्त्व असलेल्या पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा' असं लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

नाडीपरीक्षा
थांबा! 'क' नव्हे, 'के'. आपल्याकडे 'क जीवनसत्त्व' म्हणजे लिंबू-आवळ्यातलं. वॉरफरिनचा संबंध 'के'शी. एक मात्रा चुकली तर रुग्ण आवळे मोजत बसेल आणि आयएनआर, म्हणजे रक्ताला गुठळी धरायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३च्या मध्ये राहायचा तो भलतीकडे जाईल.

माजघर
पण 'रोहिणी' तरी किती जणांना कळतं? लोक 'शीर' म्हणतात. आखडते तीही शीर, सुईनं रक्त काढतात तीही शीर. 'धमनी' लिहा.

शब्दसखा
'धमनी' धम् धातूवरून, म्हणजे फुंकणे. त्यात रक्ताचा पत्ता नाही. 'रोहिणी' म्हणजे तांबडी. तांबड्या रक्ताची ती रोहिणी, काळसर रक्ताची ती नीला. इतकी सुंदर जोडी मोडू नये.

माजघर
फुप्फुसाकडे जाते त्या रोहिणीत काळसर रक्तच असतं की. तिला काय म्हणणार?

शब्दसखा
अपवादानं नियम मोडत नाही.

ओलीमाती
पत्रक उद्या द्यायचंय. पहिल्या गटाला 'प्लेटलेट रोखणारं', दुसऱ्याला 'रक्त साकळू न देणारं' असं लिहितेय. कुणाची हरकत?

माजघर
साखळू.