मदत हवी आहे: स्वतःलाच दोष देणाऱ्या भावासाठी

माझा धाकटा भाऊ लातूरला खोली करून दुसऱ्यांदा नीटची तयारी करत असून, सराव परीक्षेत गुण कमी पडले की तो वहीच्या समासात स्वतःलाच नावे ठेवतो, डबा तसाच परत पाठवतो आणि रात्र जागून काढतो. मित्राला असे अपयश आले असते, तर यानेच त्याला धीर दिला असता. तोच जिव्हाळा स्वतःच्या वाट्याला येऊ नये, याचे फार वाईट वाटते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पण त्याला ते कमीपणाचे वाटते. संध्याकाळचे चालणे, ठरलेल्या वेळी झोप, मनातले लिहून काढणे यांपैकी प्रत्यक्षात काय टिकते, आणि गुणांचा विषय न काढता आम्ही फोनवर नेमके काय बोलावे, हे यातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.