भट्टीवर गेलेल्या मुलाला वह्या देऊन काय उपयोग?

रानजाई:
जूनमध्ये आमच्या सोसायटीने पेणजवळच्या एका कातकरवाडीत दप्तरं, वह्या, रेनकोट वाटले. फोटो निघाले. जानेवारीत मी त्याच वाटेने गेले, तर वाडीत चार म्हाताऱ्या आणि बंद खोपटी. पटावर 31 मुलं, वर्गात 6. बाकीची वीटभट्टीवर. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला जोडपं दिवाळीनंतर निघतं, ते पाऊस तोंडावर आल्यावर परततं. धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली सोबत हवीच.

म्हणून माझं मत, वह्या पुरे. पैसे हंगामी वसतिगृहाला द्या. मुलं वाडीतच आजीपाशी राहतील. दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळी अभ्यास घेणारं कुणीतरी एवढं हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मुलांना उचलून लांबच्या आश्रमशाळेत टाकणं हा उपाय नव्हे.

पाटीपेन्सिल:
आश्रमशाळेत 22 वर्षं शिकवलं, म्हणून बोलतो. तुमच्या हिशोबातली आजी स्वतः मोळी विकून पोट भरते. तिच्या जिवावर सहा महिने तीन नातवंडं? रात्री एखाद्याला ताप आला तर? आमच्याकडे खाट, जेवण, वर्ग एका आवारात होतं. गळकी छपरं, पाणीदार डाळ, सगळं पाहिलंय, नाकारत नाही. पण माझ्या वर्गातून दहावी झालेली कातकरी मुलं वाडीत राहून झाली नसती. शाळा सुधारा म्हणा, मी पुढे उभा राहतो. बंद करा म्हणू नका.

रानजाई:
बंद करा कुठे म्हटलं, सर? सहा वर्षांच्या पोराला आईपासून तोडू नका एवढंच म्हणतेय. दिवाळीच्या सुट्टीला गेलेली किती परत येत नाहीत, ते तुम्हीच सांगा.

पाटीपेन्सिल:
बरीच. त्यांना शोधायला भट्ट्याभट्ट्यांवर मीच हिंडलोय.

इंद्रावतीकाठ:
तुम्ही दोघंही जागेवरून भांडताय. गडचिरोलीत भामरागडकडे पहिलीचं माडिया आदिवासी पोर पाण्याला येर म्हणतं आणि गुरुजी फळ्यावर पाणी लिहितात. ते गप्प बसतं, म्हणून ढ ठरतं. संविधानाचं कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करायला सांगतं. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी शाळा काढली, तर मान्यता नाही म्हणून तीच बेकायदा ठरवली! हेमलकशाला लोकबिरादरीची शाळा 1976 पासून आहे, पण सगळी मुलं काही तिथे मावणार नाहीत.

मुरबाडचा_मी:
मी स्वतः कातकरी, बी.कॉम. बोलीचं कौतुक बहुतेक त्यांनाच असतं ज्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. (इंद्रावतीकाठ, तुम्हाला म्हणत नाही.) आमच्या बायांना विचारा, पोराला इंग्रजीच हवं म्हणतील. आदिवासी मुलांना इंग्रजी निवासी शाळेत घालण्याच्या सरकारच्या नामांकित शाळांच्या योजनेसाठी माझी बहीण तीन खेपा घालून आली. अडलं कुठे? जातीच्या दाखल्यावर. 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. आमचा आजा रानात कात पाडायचा, पुढे भट्टीवर. सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, कोतवालाच्या वहीत नाव नाही. पुरावा काय, कोयता दाखवू?

रानजाई, सोसायटीचे पैसे राहू द्या. तुमच्यात कुणी वकील असेल, निवृत्त तलाठी असेल, तर त्याला एक रविवार वाडीत पाठवा. गृहचौकशीचे, म्हणजे जुना पुरावा नसेल तर घरी येऊन जात तपासतात त्याचे, कागद तयार करायला.

रानजाई:
हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या बी विंगमध्ये एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत, आजच विचारते. पण भट्टी सुटेपर्यंत वाडीत माणूस नसणार. मग जूनमध्ये?

मुरबाडचा_मी:
होळीला या. सणाला बरेचसे वाडीत येतात. दोनच दिवस असतात, त्यामुळे फॉर्म आधी भरून आणा.

पाटीपेन्सिल:
जुन्या हजेरीपटांतून आईबापांची नावं काढून देतो. वसतिगृहाबद्दलचं मत मात्र तेच आहे.