जुन्या कॅमेऱ्यात ८ जीबीचे कार्ड चालत नाही, शिवाय इतर काही अडचणी

प्रश्न:
२००४ साली घेतलेला ४ मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट कॅमेरा बऱ्याच वर्षांनी बाहेर काढला आहे. ८ जीबीचे नवे एसडी कार्ड घातले की पडद्यावर ‘कार्ड एरर’ येते, संगणकावर फॉरमॅट करूनही फरक पडत नाही. नवे कोरे अल्कलाइन सेल दहा-बारा फोटोंत संपल्याचे कॅमेरा सांगतो, पण तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात उत्तम चालतात. सेल बदलले की तारीख पुसली जाते. बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो, आणि चौकटीत प्रखर दिवा आला की पडद्यावर जांभळट उभा पट्टा उमटतो. यातले दुरुस्त होण्यासारखे काय आहे?

उत्तर १:
कार्डाच्या बाबतीत कॅमेऱ्याला दोष देता येणार नाही. ४ ते ३२ जीबीची कार्डे एसडीएचसी या मानकाची असतात आणि ते मानक २००६ मध्ये, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यानंतर आले. जुन्या पद्धतीत कार्डावरच्या जागेचा पत्ता बाइटमध्ये मोजला जातो, तर एसडीएचसीमध्ये तो ५१२ बाइटच्या गठ्ठ्यांत मोजला जातो. त्यामुळे फॉरमॅट करून किंवा कार्डाचे छोटे भाग पाडून काहीही साधत नाही. १ जीबीचे साधे एसडी कार्ड मिळवा आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ४ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण २ एमबीचा धरला, तरी त्यात पाचशेच्या आसपास फोटो मावतील.

उत्तर २:
घड्याळाला लागणारा प्रवाह नगण्य असतो. कॅमेरा मात्र लेन्स बाहेर काढताना आणि फ्लॅश चार्ज करताना एकदम मोठा प्रवाह ओढतो, तेव्हा अल्कलाइन सेलचा व्होल्टेज त्याच्या अंतर्गत रोधामुळे इतका खाली येतो की कॅमेरा सेल संपला असे समजतो. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल वापरून पाहा. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेले असले तरी भाराखाली ते बरेच स्थिर राहतात.

तारखेसाठी आत एक छोटा सेल किंवा कपॅसिटर असतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांत तो मुख्य सेलवरच चार्ज होतो, म्हणून भरलेले सेल एक दिवस आत राहू द्या. तरीही तारीख टिकली नाही, तर मी तो नाद सोडून देईन. कॅमेरा उघडण्याच्या फंदात पडू नका, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

उत्तर ३:
तो जांभळट पट्टा सीसीडी सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा स्वभाव आहे. प्रकाशाने जमलेला विद्युतभार रांगेने खाली सरकवून वाचला जात असताना प्रखर दिव्याचा प्रकाश त्याच रांगेत झिरपत राहतो. फोटो काढताना यांत्रिक शटर बंद होत असेल, तर पट्टा पडद्यावर दिसूनही फोटोत येत नाही. व्हिडिओत मात्र येतो. उशीर मुख्यतः फोकस शोधण्यात जातो. बटण अर्धे दाबून फोकस आधीच धरून ठेवा आणि नेमक्या क्षणी पूर्ण दाबा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. १ जीबीचे कार्ड कॅमेऱ्याने लगेच स्वीकारले. रिचार्जेबल सेलवर काल साठ फोटो झाले, तरी ते अजून चालू आहेत. पट्टा खरोखरच फक्त पडद्यावर दिसतो, फोटो स्वच्छ येतात. रात्रभर सेल आत ठेवल्यावर तारीखही टिकली, पण सेल दहा मिनिटे बाहेर राहिले तेव्हा पुन्हा गेली, त्यामुळे सेल बदलण्याचे काम आता मिनिटभरात उरकतो.