घरापुढचं लॉन काढून टाकलं, आता काय लावू?

पुढच्या अंगणातलं लॉन एकदाचं उपटून टाकलं, कितीही पाणी घाला पिवळं ते पिवळंच. दिवसभर कडक ऊन, पाऊस कमी, आणि मला रोज पाणी घालायला वेळ नाही. काय लावू? नुसती खडी टाकली तर चालेल का?

प्रतिसाद १
नुसती खडी नको हो, दुपारी अशी तापते की भिंतीसुद्धा गरम होतात. आणि खाली प्लास्टिक तर अजिबात घालू नका, मी घातलं होतं, दोन वर्षांत वर माती साचली आणि त्यातच तण उगवलं. बोगनवेल, सदाफुली, कोरफड लावा, जमिनीलगत पोर्टुलाका. बोगनवेलीला पाणी जास्त झालं की नुसती पानंच येतात, फुलं नाहीत.

प्रतिसाद २
घायपात पण छान दिसतो, फक्त वाटेच्या कडेला नको. रोप हातभर असतं तेव्हा गोंडस वाटतं, पुढे पाच-सहा फूट पसरतं आणि पानांची टोकं थेट पोटरीत. अनुभव आहे 😅

प्रतिसाद ३
झाडं कुठलीही लावा, पहिलं वर्ष पाणी द्यावंच लागेल. पण रोज शिंपडू नका, आठवड्यातून एकदोनदा भरपूर द्या म्हणजे मुळं खोल जातात. रोपांभोवती वाळक्या पानांचा २-३ इंच थर द्या, खोडाला चिकटवू नका, कुजतं.

प्रश्नकर्ता
बरं झालं विचारलं, प्लास्टिक आणूनच ठेवलं होतं! घायपात कंपाउंडच्या कोपऱ्यात लावतो मग.