बर्फासाठी नाही, दगडासाठी
इंग्लंडमधल्या बायबरी गावात आर्लिंग्टन रो नावाची जुन्या दगडी घरांची रांग आहे. तिची छपरं बर्फासाठी एवढी उतरती, असं काहीजण म्हणतात, पण बर्फापेक्षा खरं कारण दगड आहे. ती कौलं म्हणजे तिथल्याच चुनखडीच्या फरश्या, ओबडधोबड आणि पाणी शोषणाऱ्या, उतार कमी ठेवला तर फटींतून गळणारच. शिवाय एका मापाची नसतात, खाली वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडे लहान होत जातात, तिथला एखादा फोटो झूम करून बघा, मजा येते.

आणि ही मुळात घरं नव्हतीच! 1380 च्या सुमारास बांधलेलं लोकरीचं गोदाम, 17व्या शतकात पार्टिशन टाकून विणकरांची बिऱ्हाडं केली, म्हणून तर सगळी एका लांबलचक छपराखाली चिकटलेली. आता ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे तिथल्या संरक्षित वारसा इमारतींच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, त्यामुळे परवानगीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही.