अनुभव लिहा: तुमच्याकडे ‘लाइन’ म्हणजे काय?

मंडळी, ठाणेकराला लाइन हा शब्द इंग्रजी आहे हे मुद्दाम आठवावं लागतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर गाडी धावली. तेव्हापासून हा शब्द इथे मुक्कामाला आहे असं म्हणायला हरकत नाही, आणि त्याने पुढे किती पोटभाडेकरू ठेवले त्याची गणती नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती म्हणे. असेल. आपल्याकडे रोज राबतो तो लाइन. तुमच्या कामात, घरात, वस्तीत तो कशाकशाला वापरतात ते लिहा. अट एकच: लाइन मारण्याचे किस्से सगळ्यांनी लिहू नयेत, ते सगळ्यांचे सारखेच असतात.

वागळे इस्टेट, बिस्किटांचा सेल्समन

मग मीच लिहून टाकतो, कारण आमच्यात ते पगारी काम आहे. दुकानांचा जो ठरलेला पट्टा, ती लाइन. सोमवारी किसननगर, मंगळवारी सावरकरनगर, बुधवारी लोकमान्यनगर. सकाळी ऑर्डर घ्यायला निघालो की ‘लाइनला गेलाय’, संध्याकाळी ‘लाइन मारून आलो’. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींसमोर शेठने फोनवर मोठ्याने विचारलं, “काय रे, आज लाइन मारली नाहीस?” स्पीकर चालू होता. सासरे आयुष्यभर बँकेत, त्यांना समजवायला वेळ लागला.

ठाणे, अतिदक्षता विभागातली नर्स

आमची सेंट्रल लाइन माणसाच्या मानेतून जाते. मानेतल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात आणि तिचं टोक हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत नेतात (जांघेतली असली तर खालून). रक्तदाब टिकवायची काही औषधं इतकी जहाल असतात की हातावरच्या बारीक शिरेतून सोडली तर ती शीर खराब होते, म्हणून हा खटाटोप. हे सगळं डॉक्टर नातेवाइकांना दोन वाक्यांत सांगतात, सही घेतात आणि जातात. मग ती माणसं आमच्याकडे येतात.

एकदा बाहेर बसलेल्या मुलाने गावी फोन लावला: “अण्णांना सेंट्रल लाइन टाकलीय.” शेजारी बसलेल्या दुसऱ्याच पेशंटच्या काकांनी लगेच मान वर केली, “आता कुठे टाकतायत? कल्याणच्या पुढे का?” तो मुलगा त्या अवस्थेतही हसला. आम्हाला हसता येत नाही, ड्युटीवर होतो. शिवाय आमच्याकडे आर्टरी लाइन वेगळी, तिच्यावर रक्तदाब सतत दिसतो. आणि पहिल्यांदा द्यायची औषधं ती फर्स्ट लाइन. ‘लाइन चालू आहे का बघ’ असं सिनियर ओरडल्या की नवीन मुली आधी फोन बघतात.

ऐरोली

आई खानदेशातली. तिकडे वीज म्हणजे लाइन. आमच्याकडे लाइट जाते, तिची लाइन जाते. पावसाळ्यात तिचा फोन आला: “लाइन गेली रे, कधी येईल सांगता येत नाही म्हणतात.” मी ठाणे स्टेशनात, ट्रान्स हार्बरच्या जिन्याखाली. म्हटलं बंद पडली गाडी. बाहेर आलो, बस पकडली, कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये सडत घरी पोचलो. आई मेणबत्ती घेऊन दारात. गाड्या वेळेवर होत्या.

कोपरी, निवृत्त स्टेशन मास्तर

लोक ‘लाइन क्लीअर आहे’ असं हल्ली कशालाही म्हणतात. साहेब जागेवर नाहीत, लाइन क्लीअर. बायको माहेरी, लाइन क्लीअर. रेल्वेत तो शब्द असा स्वस्त नाही. गाडी पुढच्या स्टेशनाकडे सोडायची तर त्या स्टेशनाकडे मागावी लागते. मधला टप्पा मोकळा आहे याची खात्री करून ते देतात. स्वतःची लाइन क्लीअर स्वतःला देता येत नाही. त्यातच सगळी सुरक्षितता आहे. ऑटोमॅटिक सिग्नल आले तिथे प्रत्येक गाडीला हे विचारणं उरलं नाही, पण आमची सवय तीच.

पुतण्या सांगत आला, “काका, मुलीकडून लाइन क्लीअर आहे.” मी विचारलं, मागितलीस कधी? दिली कोणी? तर हा नुसता तिच्या हसण्यावरून ठरवून बसलेला. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे असा वागला असतास तर निलंबित झाला असतास. गेला, विचारून आला. मिळाली. (शालू आमच्याकडून.)

पोलीस लाइनीतला मुलगा, आता पन्नाशीचा

छावणीत बराकी ओळीने बांधत, त्या लाइन्स. म्हणून गावोगावी सिव्हिल लाइन्स आणि आमची पोलीस लाइन. “कुठे राहतोस?” “लाइनीत.” एवढ्यावर पोरं भांडण आवरतं घेत.

घोडबंदर रोड, साइट सुपरवायझर

खोदकामाआधी जमिनीवर फक्कीने भिंतींच्या रेघा मारतात, ते लाइन आउट. गवंड्याची ती लाइनदोरी. ओळंबा उभं बघतो, दोरी आडवं. अजून काय लिहू, स्लॅब आहे उद्या.

नौपाड्याचा, सध्या लंडनला

इथे लाल रंगाची सेंट्रल लाइन आहे. पहिल्या दिवशी ऐकून बरं वाटलं, पण ती ठाण्याला जात नाही. दुसरं म्हणजे इंग्रज रांगेला लाइन म्हणत नाहीत, क्यू म्हणतात. लाइन अमेरिकन लोकांची. राज्य यांनी केलं आणि रेशनच्या दुकानात आपण मात्र अमेरिकनांसारखे ‘लाइनीत या’ म्हणून ओरडतो.

दिवा, सेमी इंग्रजीची गणित शिक्षिका

चाचणीत विचारलं होतं, दोन पॅरलल लाइन्स कुठे मिळतात? अपेक्षित उत्तर, कुठेच नाही. एकाने लिहिलं, “दिव्याला, सांध्यावर.” वडील रेल्वेत. अर्धा गुण दिला. आता तो उरलेला अर्धा मागायला वडील येणार आहेत.