गुणोत्तर, अनुपात की प्रमाण?

विचारणा (इंदूर):
हिंदी माध्यमात शिकणाऱ्या भाचीचं गणित मी घेते. घरी आम्ही मराठीच बोलतो. '४५०० रुपये २:३ या प्रमाणात वाटा' म्हटलं की ती विचारते, "मावशी, प्रमाण म्हणजे सबूत ना?" तिच्या पुस्तकात 'अनुपात' आहे. मराठीत नेमकं काय म्हणावं?

उत्तर:
महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत हिंदीतल्या 'अनुपात'ला 'गुणोत्तर' म्हणतात आणि 'समानुपात'ला 'प्रमाण'. २:३ हे गुणोत्तर. २:३ आणि ४:६ सारखी आहेत, म्हणून २, ३, ४, ६ या संख्या प्रमाणात आहेत. मात्र 'डाळ-तांदूळ एकास तीन या प्रमाणात घे' हेही अस्सल मराठीच; त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. भाचीला पुढे अकरावीत हिंदीतच 'गुणोत्तर श्रेणी' भेटेल, तेव्हा हा शब्द आत्ताच कानावर पडलेला बरा.

दुसरं उत्तर:
नावापेक्षा वाचण्यावर जोर द्या. २:३ हे मराठीत 'दोनास तीन' असं वाचतात, आणि त्या 'दोनास'मध्येच सगळा अर्थ आहे: एकीचे दोन भाग, तर दुसरीचे तीन. मुलं 'दोन तृतीयांश' वाचतात आणि फसतात. समजा, आनंदमेळ्यात दोघी जावांनी खिचडीचा स्टॉल लावला. धाकटीने २००० घातले, थोरलीने ३०००, नफा ४५००. धाकटीला दोन तृतीयांश दिले, तर तिला ३००० मिळतील आणि जास्त पैसे घालणाऱ्या थोरलीच्या हाती १५००! आधी भागांची बेरीज करायची, २ + ३ = ५. एक भाग ९०० रुपयांचा, म्हणून धाकटीला १८०० आणि थोरलीला २७००. इथे 'वाटा' आणि 'भाग' हे शब्द वेगळे ठेवा. भाग सगळे सारखे असतात, वाटे लहानमोठे.

पुरवणी:
भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) भागीदाराने घातलेल्या रकमेला 'प्रक्षेप' म्हटलं आहे. तिथलं उदाहरण मुलांना जरूर द्यावं. तिघांचं भांडवल ५१, ६८ आणि ८५. व्यापारानंतर मुद्दल-नफा मिळून ३०० झाले. प्रत्येकाच्या भांडवलाला ३०० ने गुणून २०४ या बेरजेने भागलं की ७५, १०० आणि १२५ येतात. यात मुद्दल धरलेलं आहे, नुसता नफा २४, ३२ आणि ४०. भाचीला ५१:६८:८५ आधी लहान करायला सांगा, तीनास चार आणि चारास पाच निघतं. १७ ने भाग जातो, हे तिचं तिला सापडू द्या.